नक्कल करतेस तर पुरती कर

पोरी,

तुझ्या फोटोंचे चाळीस प्रिंट मिळाले. जमिनीवर पसरले तर आपोआप तीन ढीग झाले, आणि तिन्ही ढिगांना दुसऱ्याच फोटोग्राफरांची नावं देता आली. बेळगावच्या खडेबाजारातल्या डबक्यांवरून उड्या मारणारी कृष्णधवल माणसं म्हणजे आंरी कार्तिए-ब्रेसाँ. ओघळत्या काचेमागची लाल छत्री म्हणजे सॉल लायटर. निपाणीच्या वखारीतल्या बायका, मागून येणारा उजेड आणि हवेत तंबाखूची धूळ म्हणजे सेबास्तियाव सालगादो. सोबतच्या चिठ्ठीत तू विचारलं आहेस, की अशी दुसऱ्यांची छाप पडणं चूक आहे का. छाप पडणं चूक नाही. तुझ्यावर ती पुरेशी पडलेली नाही, ही माझी तक्रार आहे.

कुमार गंधर्व आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे. लहान वयात ते मोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून तीच गाणी ताना-हरकतींसकट जशीच्या तशी गात. पुढे मुंबईत देवधर मास्तरांकडे तालीम झाली, आणि नंतर जे गाणं आलं ते कुठल्याही तबकडीत नव्हतं. पण आधीची नक्कल तंतोतंत होती. तू तबकडीतली एक हरकत तेवढी उचलतेस आणि बाकीचं गाणं सोडून देतेस.

ते डबकंच घे. पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनामागचा कार्तिए-ब्रेसाँचा तो फोटो 1932 चा. कुंपणाच्या फळ्यांमधल्या फटीतून घेतलेला. डावीकडे फळी आड येत होती म्हणून ती कड कापावी लागली, आणि तीसुद्धा एरवी फोटो कापायला कट्टर विरोध करणाऱ्या माणसाला. म्हणजे सगळं जग ज्याची नक्कल करतं तो त्याच्या पद्धतीतला अपवाद आहे. त्यात उडी तर आहेच, पण मागच्या भिंतीवरच्या पोस्टरात एक नर्तकी तशीच झेपावते आहे, आणि पाण्यात उडीचं प्रतिबिंब पूर्ण आहे, टाच अजून टेकलेली नाही. तुझ्या फोटोत माणूस उडी मारतो आणि त्याच्या डोक्यातून मोबाइल रिचार्जची पाटी उगवते. तू माणसाची वाट पाहिलीस, पार्श्वभूमीची पाहिली नाहीस. क्रम उलटा आहे. आधी भिंत, कमान किंवा जिना शोधायचा, चौकट पक्की करायची, आणि मग माणूस येईपर्यंत तिथेच उभं राहायचं. अर्धा तास लागेल. दुकानदार काय पाहिजे म्हणून विचारेल, त्याला सांगायचं आणि परत उभं राहायचं.

आता पुरती नक्कल कशी करायची ते सांगतो. एका वेळी एकच फोटोग्राफर, निदान दोन महिने. त्याचे वीस फोटो निवड, त्यात फार गाजलेले पाचाहून जास्त नकोत. फोनवर बघू नकोस. तिथे कडा दिसत नाहीत, आणि शिकायचं बरंचसं कडांवरच असतं. 5×7 इंचाचे साधे प्रिंट काढून घे, वर बटर पेपर ठेव आणि फक्त मुख्य रेषा ओढ: क्षितिज, भिंतीच्या कडा, माणसांच्या नजरा कुठे जातात त्या दिशा. मग प्रत्येक फोटोला विचार, की हा माणूस उभा कुठे होता.

याचं उत्तर फोटोतच असतं. सपाट जागेवर क्षितिजरेषा कॅमेऱ्याच्या उंचीवर येते. उभ्या माणसांच्या डोळ्यांतून क्षितिज जात असेल तर कॅमेरा डोळ्याला होता, कमरेतून जात असेल तर कमरेशी. वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला रोलायफ्लेक्स कॅमेराही वापरत. तो कॅमेरा पोटाशी धरून वरून काचेत बघायचा असतो, म्हणून अशा कॅमेऱ्याच्या फोटोंत माणसं जराशी उंच आणि भारदस्त दिसतात. हा परिणाम हवा असेल तर प्रीसेट, म्हणजे फोटोला तयार रूप देणारी सेटिंग, विकत घेऊ नकोस, कॅमेरा खाली घे. तुझ्या कॅमेऱ्याचा पडदा वर वळतो, तेवढं पुरे. आणि रोलायफ्लेक्सच्या एका रोलात बाराच फोटो येत. एक दिवस तूही बाराच काढ, आणि कॅमेऱ्याचा पडदा उलटा वळवून झाकून टाक. सातव्या फोटोनंतर हात आपोआप थांबायला लागतो की नाही बघ.

अंतर ओळखायची खूण मागच्या वस्तूंत असते. जवळचा माणूस मोठा आणि मागचं देऊळ एकदम लहान असेल तर फोटोग्राफर जवळ होता. दोन्ही एकमेकांना चिकटल्यासारखी दिसली तर तो लांब होता आणि लेन्स लांब पल्ल्याची. इथे तुझी एक साधी चूक झाली आहे. कार्तिए-ब्रेसाँ बहुतेक 50 मिमीची लेन्स वापरत असं वाचून तूही 50 लावलीस, पण तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चकती, लहान आहे. त्यावर दीड पटीने ती 75 सारखी वागते. म्हणून गणपत गल्लीत तुझी पाठ सारखी समोरच्या दुकानाला लागते आणि माणसांचे पाय कापले जातात. 35 मिमी लाव, ती साधारण 52 पडते. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, एफ 8, फोकस तीन मीटरवर ठेवून ऑटोफोकस बंद. मग साधारण सव्वादोन मीटरपासून पाच मीटरपर्यंत सगळं कामापुरतं स्पष्ट येतं आणि फोकससाठी थांबावं लागत नाही. लेन्सवर अंतराचे आकडे नसतील तर घरी टेपने तीन मीटर मोजून फोकस कर आणि रिंगवर चिकटपट्टीचा तुकडा लावून खूण कर. काही नव्या लेन्सची रिंग नुसती गोल फिरत राहते, तिच्यावर ही खूण टिकत नाही. तिथे दर वेळी कॅमेरा चालू केल्यावर तीन मीटरवरच्या खांबावर फोकस करून घ्यायचा.

लायटरबद्दल थोडक्यात. तो चित्रकार होता, लांब लेन्स लावून रस्ता सपाट करायचा आणि चौकटीचा अर्धा भाग बेधडक काळा सोडायचा. तू काच घेतलीस, काळोख घेतला नाहीस. ऑटोफोकस थेंबावर आणि थेंबामागच्या माणसावर उड्या मारत राहतो, म्हणून तुझे निम्मे फोटो कशावरच स्पष्ट नाहीत. फोकस हाताने कर. काचेला वीतभर अंतरावर उभी राहिलीस तर थेंब विरून जातील, मीटरभर मागे आलीस तर त्यांना आकार येईल. आणि ती लाल छत्री तू मैत्रिणीच्या हातात दिली होतीस, हे तिच्या अवघडलेल्या खांद्यावरून कळतं! आपल्याकडच्या पावसाचा रंग रोपलावणीच्या वेळी खानापूरच्या शेतात दिसतो, निळ्या-पिवळ्या प्लास्टिकच्या खोळीत.

याच शेतांवरून मुद्द्याचं सांगता येईल. तिथले तुझे कृष्णधवल फोटो मळकट आलेत, आणि तू दोष प्रिंटरला दिलास. तांबडी माती आणि हिरवं भात डोळ्याला कितीही वेगळं दिसलं तरी दोघांचा उजळपणा जवळपास सारखा असतो. रंग काढला की दोन्ही एकाच राखाडीत जातात. अमेरिकन फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्सने 1927 साली हाफ डोम या कड्याच्या फोटोसाठी गडद लाल फिल्टर लावला, तेव्हा आकाश काळं झालं आणि कडा उठून आला. तुला तेच संगणकावर करता येईल: कृष्णधवल करताना लाल रंगाची पट्टी वर, हिरव्याची खाली. बांध उजळ होतील, भात गडद होईल. पण लाल फार ताणलास तर निळ्या आकाशात दाणे आणि डाग दिसतात, आणि माणसांचे चेहरे पिठूळ होतात. मग प्रश्न असा उरतो, की जिथे मातीचा रंग हीच मोठी गोष्ट आहे तिथे तो काढायचाच कशाला?

फोटोग्राफर रघुबीर सिंग हाच प्रश्न विचारत राहिले. 1966 मध्ये जयपूरला त्यांची कार्तिए-ब्रेसाँशी भेट झाली, त्या गुरूला काम करताना जवळून बघता आलं. माणसांच्या गर्दीत शिरायची रीत त्यांनी घेतली, कृष्णधवल मात्र घेतलं नाही. भारत रंगातच बघितला पाहिजे, आपली लघुचित्रं रंगात आहेत, हा त्यांचा युक्तिवाद. रघू राय यांना कार्तिए-ब्रेसाँनीच 1977 मध्ये मॅग्नम या फोटोग्राफरांच्या संस्थेसाठी पुढे केलं, आणि त्यांनी त्याच गुरूची चौकट आपल्या गर्दीने भरून टाकली. झाड एक, फांद्या दोन. आणि झाडाचंही मूळ होतं: मार्टिन मुन्कात्शीचा टांगानिका सरोवरात धावत शिरणाऱ्या तीन पोरांचा फोटो. कार्तिए-ब्रेसाँ त्याला आपली ठिणगी म्हणत. म्हणून कुणी आवडला की त्याला कोण आवडत होतं ते शोध, आणि एक पिढी मागे जा. ॲडम्ससुद्धा 1930 मध्ये पॉल स्ट्रँडच्या नुसत्या निगेटिव्ह बघून आपली धूसर, चित्रासारखी शैली सोडून स्वच्छ, रेखीव फोटोंकडे वळला. दोघांचे फोटो शेजारी ठेवलेस की कळतं, शिष्याने काय घेतलं आणि काय टाकलं. शिकण्यासारखं जास्त टाकलेल्यात असतं.

रघू राय यांच्यासारखी जवळ, मध्ये आणि लांब अशी तीन थरांची गर्दी तू शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत शोधलीस. तिथे गाडी अडते, कारण ते थर दिवसाच्या उजेडात एफ 8 वर मिळतात आणि आपली मिरवणूक रात्रीची. आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, 12800 वर नेऊन तू तिन्ही थर चिखल केलेस. वर आडवे काळे पट्टे आले, कारण तुझं शटर 1/500 सेकंद होतं आणि साधे एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर 1/100 किंवा 1/50 ठेव, आणि मूक इलेक्ट्रॉनिक शटर बंद कर. एवढ्यावर गर्दी थोडी हलेल, हलू दे. तीन थरांचा हट्ट सोड. चित्ररथाचा उजेड हा एक थर, त्यासमोर काळी पडलेली डोकी, खांद्यावरची पोरं आणि झांजा हा दुसरा. दोनच थर, एफ 2.8. हे रघू राय यांचं राहत नाही, बेळगावचं होतं.

पाट्यांचंही तसंच. तुझ्या आवडत्या परदेशी फोटोग्राफरांच्या रस्त्यावर एक लिपी असते. आपल्या चौकटीत कन्नड आणि देवनागरी शेजारी येतात, आणि अक्षर दिसलं की डोळा चेहरा सोडून तिकडे जातो. वाचता येणारी पाटी चौकटीच्या मधोमध आली तर तीच फोटोचा विषय होते, तुझी इच्छा असो वा नसो. कडेला ढकल, अर्धी काप किंवा जाणूनबुजून विषय कर.

निपाणीचे फोटो मला सर्वांत कमी आवडले, आणि ते दिसायला सर्वांत सुंदर आहेत. सालगादो अर्थशास्त्र शिकलेला माणूस होता. कामगारांवरच्या मोठ्या प्रकल्पाला त्याने 1986 पासून सहा वर्षं दिली. मागचा उजेड आणि धूळ तू एका दुपारी उचललीस, पण बायकांचे हात काय करताहेत ते एकाही फोटोत कळत नाही. पाच वेळा जा, त्यातल्या पहिल्या दोन वेळा कॅमेऱ्याशिवाय. मुकादमाची परवानगी वेगळी आणि बायकांची वेगळी, दोन्ही घे. पान कुठून येतं, चाळणी कोण धरतं, वजन कोण करतं, हजेरी कशी मोजतात, हे वहीत लिही. मग उजेड बघ. पाठीमागून उजेड असेल तर कॅमेरा चेहरे काळे करतो, उजेड एक ते दीड स्टॉप वाढव (एक स्टॉप म्हणजे दुप्पट). पुढच्या भेटीला त्यांचे प्रिंट त्यांना नेऊन दे, न विसरता.

एका फोटोग्राफरकडून दुसऱ्याकडे कधी जायचं, तर त्याचा न बघितलेला फोटो अर्धा झाकून उरलेल्या अर्ध्यात काय असेल हे दहात सात वेळा सांगता आलं की. त्याच सुमाराला त्याचा थोडा कंटाळाही येतो. तो आला की आनंदाने जा.

पुढच्या खेपेला चाळीस नकोत, बारा पाठव. प्रत्येकाबरोबर त्याच्या आधीची आणि नंतरची फ्रेमही, छोट्या आकारात, न सुधारता. मागे पेन्सिलीने लेन्स, अंतर, वेळ आणि त्या वेळी कुणाची आठवण आली ते लिही. बॉलपेन नको, पुढच्या बाजूला उमटतं.

बाकी प्रिंट याच पाकिटात परत आहेत, एक सोडून. गोकाकच्या धबधब्यावर तू उजेड सहा स्टॉप कमी करणारा फिल्टर लावून एक सेकंद शटर ठेवलंस, ॲडम्ससारखं दुधाळ पाणी हवं होतं, आणि पावसाळी घटप्रभेने चहाच्या रंगाचा जाड पडदा दिला. खाली कोपऱ्यात तुषारांनी भिजलेलं एक कुटुंब फोटो काढायला उभं आहे, धाकटा हललाय. मागे तू ‘फसला’ लिहिलं आहेस. तो मी ठेवून घेतला आहे.