दोरी कुणाच्या हातात?

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. कारखान्यात रुजू होऊन जेमतेम तीन महिने आणि तक्रारी मात्र दोन पानं भरून! मला बरं वाटलं. ज्याला शॉपफ्लोअरवर, म्हणजे जिथे प्रत्यक्ष यंत्रं चालतात तिथे, काहीच खटकत नाही, तो बहुधा नुसताच तिथून चालत जात असतो.

तू दोन गोष्टी विचारल्यास. पुढे रोबोटिक्स शिकू की डेटा, ही एक. आणि टॅब्लेट दिले तरी जुने ऑपरेटर ते नीट वापरत नाहीत, त्यांचं काय करू, ही दुसरी. दुसरीपासून सुरुवात करतो, कारण तिच्यात पहिलीचं उत्तर दडलेलं आहे.

मशीन थांबलं की टॅब्लेटवरच्या यादीतून कारण निवडायचं आणि निम्म्याहून अधिक वेळा सगळे ‘इतर’ हेच बटण दाबतात, असं तू लिहिलंस. म्हणून जुन्या लोकांना नवं तंत्रज्ञान नको आहे, असा निष्कर्षही काढून मोकळी झालीस. तीच माणसं शिफ्ट सुटल्यावर मोबाइलवर पैसे पाठवतात, नातवंडांशी व्हिडिओवर बोलतात. तेव्हा अडत नाही ते इथे का अडतं? तुझ्या त्या यादीत कारणं किती आहेत, मोजून बघ. चाळीस असतील तर तेलकट हातमोजे घालून त्यातलं नेमकं शोधेपर्यंत पुढचा जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा पुढचा भाग, लागायची वेळ होते. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, एखाद्याने ‘सेटिंग चुकलं’ असं खरं कारण दाबलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये त्याची हजेरी घेतली जाते का? घेतली जात असेल, तर ‘इतर’ दाबणारा माणूस आडमुठा नाही, शहाणा आहे.

आता तुला एका इमारतीची गोष्ट सांगतो. कॅलिफोर्नियात फ्रीमाँट नावाच्या गावी जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना होता. कामगार आणि व्यवस्थापन यांच्यातून विस्तव जात नव्हता, गैरहजेरी वीस टक्क्यांच्या आसपास, आणि गाड्या जोडायची लाइन काही झालं तरी थांबवायची नाही हा दंडक. चुकीचा भाग बसलेली गाडीसुद्धा पुढे ढकलायची, दुरुस्ती शेवटी बघू. १९८२ मध्ये कारखाना बंद पडला. १९८४ मध्ये तोच कारखाना टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी मिळून पुन्हा उघडला. कामावर घेतलेले बहुतेक लोक जुनेच, तीच युनियन, आणि यंत्रंही काही जगावेगळी नव्हती. मोठा बदल हा की लाइनशेजारून एक दोरी गेली होती आणि ती ओढायचा हक्क प्रत्येक कामगाराला होता. अडचण दिसली, ओढ दोरी. टीम लीडर धावत येतो, मिळून बघतात, तेवढ्यात सुटलं नाही तर लाइन थांबते. ओढणाऱ्याला कोणी रागावत नाही. थोड्याच काळात त्या कारखान्यातल्या गाड्या दर्जात जपानमधल्या गाड्यांच्या तोडीच्या निघू लागल्या. तोच जनरल मोटर्स त्याच दशकात इतर कारखान्यांत रोबोंवर अब्जावधी डॉलर ओतत होता आणि त्या पैशाचं चीज होत नव्हतं.

गोष्ट इथे संपत नाही. २००९ मध्ये जनरल मोटर्स त्या भागीदारीतून बाहेर पडली, २०१० मध्ये तो कारखाना बंद झाला आणि इमारत विजेच्या मोटारी बनवणाऱ्या टेस्लाने घेतली. २०१८ मध्ये मॉडेल ३ या मोटारीचं उत्पादन अडकून पडलं तेव्हा टेस्लाचा प्रमुख इलॉन मस्कने जाहीरपणे कबूल केलं की अति ऑटोमेशन ही आपली चूक होती आणि माणसाची किंमत आपण कमी लावली. त्यानेच सांगितलेला आणखी एक किस्सा मला फार आवडतो. बॅटरीवर फायबरग्लासची मऊ चटई ठेवायला एक रोबो होता. मऊ, लोळागोळा होणारी वस्तू उचलताना रोबोची त्रेधा उडते, सारखी लाइन अडायची. बरीच खटपट झाल्यावर कोणीतरी विचारलं की मुळात ही चटई असते कशासाठी? बॅटरी सुरक्षेवाले म्हणाले, आवाज कमी करायला. आवाजवाले म्हणाले, आगीपासून बचावाला. चाचणी केली तर चटई असली काय, नसली काय, फरक शून्य! चटई गेली, रोबोही गेला. हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचा होता. कामाचं ऑटोमेशन करण्याआधी ते काम हवंच आहे का, हे विचारायला एक पैसा लागत नाही.

दोरीची कल्पना तशी जुनी आहे. टोयोटा समूहाचा संस्थापक साकिची टोयोडाने असा कापडाचा माग केला होता की धागा तुटला की तो आपोआप थांबे. तोवर धागा तुटला तरी माग चालू राहायचा आणि कापड खराब होत जायचं, म्हणून प्रत्येक मागाजवळ पाळतीला माणूस लागे. स्वतः थांबणारा माग आल्यावर एकच माणूस कितीतरी माग सांभाळू लागला. हल्ली सगळे न थांबणाऱ्या यंत्राच्या मागे लागलेत. मला विचारशील तर वेळेवर थांबणारं यंत्र बनवणं जास्त अवघड आहे.

तू सेन्सर बसवायच्या मोहिमेवर आहेस, म्हणून माझी एक फजिती ऐक. एका कारखान्यात आम्ही महत्त्वाच्या मशीनवर कंपन मोजणारे सेन्सर बसवले. बेअरिंग खराब व्हायच्या आधी इशारा मिळणार होता. पण बाहेरून आलेल्या लोकांनी एका मशीनवर सेन्सर चिकटवला तो पत्र्याच्या कव्हरवर, बेअरिंग ज्यात बसतं त्या हाउसिंगवर नाही. पत्रा आपला शेजारच्या प्रेस-मशीनच्या प्रत्येक ठोक्याला थरथरणार. अलार्म इतक्या वेळा वाजायचा की दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी त्याचा आवाज बंद केला, आणि ते मला माहीत होतं. तिथला ऑपरेटर मला दोनदा म्हणाला, “साहेब, डाव्या बाजूचा आवाज बदललाय.” मी स्क्रीन बघितला, आलेख नेहमीसारखाच वेडावाकडा होता, मी मान हलवून पुढे गेलो. चार दिवसांनी बेअरिंग जाम झालं, ते डाव्या बाजूचंच. चूक सेन्सरची नव्हती. कुठे लावू, हे आम्ही ज्याला विचारायला हवं होतं तो तिथेच उभा होता.

आकड्यांबद्दलही सावध राहा. मशीनची एकूण परिणामकारकता काढताना उपलब्धता, वेग आणि दर्जा यांचा गुणाकार करतात. तिन्ही नव्वद टक्के असतील तर उत्तर नव्वद येत नाही, त्र्याहत्तरच्या आसपास येतं. सुंदर पद्धत आहे, तोटा कुठे लपलाय ते दाखवते. पण या आकड्यावर कुणाचा बोनस ठरू लागला की गंमत सुरू होते. आदर्श सायकल टाइम, म्हणजे एक नग करायला ठरवलेला वेळ, हळूच ढिला होतो आणि मशीन जिथल्या तिथे असताना आकडा चढतो. छोटे थांबे मोजणीतून गळतात. स्क्रीनवरचा डॅशबोर्ड हिरवागार आणि मालाचा डिस्पॅच मात्र उशिरा, असं दिसलं की आधी सायकल टाइम कोणी आणि कधी ठरवला ते शोध.

रोबोंमुळे नोकऱ्या जातील का, असं तुझ्या लाइनवरचा फिटर विचारतो म्हणतेस. त्याला खोटं सांगू नकोस. जॉब चढवणं-उतरवणं, स्पॉट वेल्डिंग, कॅमेऱ्याने होणारी तपासणी, यातली बरीच कामं जाणार आहेत, काही गेलीसुद्धा. पण ज्याचं काम जाईल त्याला कुठे आणि काय शिकवून न्यायचं, हे यंत्राची ऑर्डर देण्याआधी ठरू शकतं. बहुतेक ठिकाणी ते नंतर ठरतं, तेही घाईत. आणि सुधारणा सुचवली म्हणून शेजाऱ्याची नोकरी गेली, असं एकदा जरी घडलं, की सूचना-पेटी कायमची रिकामी. तीच गोष्ट सहा-सहा महिन्यांच्या कंत्राटी पोरांची. मशीनचा स्वभाव कळू लागतो तोवर त्यांची मुदत संपते, नवं पोर पुन्हा शून्यापासून. त्या हिशेबाचा रकाना मी आजवर कुठल्याही डॅशबोर्डवर पाहिलेला नाही.

फोर्डच्या सरकत्या लाइनचं कौतुक तू कॉलेजात ऐकलं असशील. १९१३ मध्ये मोटारीचा सांगाडा, म्हणजे चेसिस, जोडायला साडेबारा तास लागत, ते दीड तासावर आले. पण त्याच वर्षी सुमारे १४,००० माणसं टिकवायला कंपनीला ५२,००० माणसं भरावी लागली, हे सहसा कोणी सांगत नाही. काम इतकं कंटाळवाणं झालं होतं की लोक येत आणि निघून जात. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने आठ तासांचा दिवस आणि पाच डॉलर रोज जाहीर केला, तेव्हा कुठे लाइन स्थिरावली.

आता शिकायचं काय. रोबो चालवायला शीक, मशीनला हुकूम देणाऱ्या छोट्या संगणकाचा, म्हणजे पीएलसीचा, प्रोग्रॅम वाचायला शीक, डेटाही शीक. त्यात वाद नाही. पण त्याआधी तुझ्या लाइनवरची प्रक्रिया हाताने शीक. लिसॅन बेनब्रिज या संशोधिकेने १९८३ मध्येच दाखवून दिलं होतं की सोपं काम यंत्राकडे गेलं की माणसाकडे उरतं ते अवघड आणि क्वचित येणारं. आणि सराव तर यंत्राने केव्हाच हिरावून घेतलेला असतो. २०१९ मध्ये नॉर्स्क हायड्रो या ॲल्युमिनियम कंपनीवर सायबर हल्ला झाला. संगणक बंद पडले, तेव्हा अनेक ठिकाणी कागदावरच्या ऑर्डरी घेऊन, यंत्रं हाताने चालवून काम पुढे रेटावं लागलं. तशी वेळ तुझ्या लाइनवर आली तर किती जणांना जमेल? तुला जमेल?

म्हणून एवढं कर. पुढचा महिनाभर आठवड्यातून दोन दिवस दुसऱ्या शिफ्टला थांब, वही घेऊन, लॅपटॉपशिवाय. त्या यादीतली कारणं ऑपरेटरांबरोबर बसून सहा-सातवर आण, त्यांच्याच शब्दांत. आणि मॅनेजरकडून लेखी घे की महिनाभर या नोंदींवरून कोणालाही जाब विचारला जाणार नाही. हे तिसरं सर्वांत अवघड जाईल. नाही म्हणाले तर तसं कळव, पुढचं पत्र त्यांच्याशी कसं बोलायचं यावर लिहीन.

आणि हो, नवा सेन्सर लावण्याआधी ‘याची जागा कुठे?’ हे त्या मशीनच्या ऑपरेटरला विचार. तो काय म्हणाला ते मला ऐकायचंय.

तुझा,
एक जुना शॉपफ्लोअरवाला