18 दिवस, चार देश, एकटा बाईकवर: सुरक्षेची तयारी कशी करू?

तुम्ही विचारलंय की 18 दिवसांत चार देश, अंदाजे 5400 किलोमीटर, एकट्याने आणि पहिल्यांदाच, तर चोरी, अपघात, कागदपत्रं यातली सगळ्यात जास्त काळजी कशाची करायची आणि पैसे आधी कशावर घालायचे. माझं उत्तर आधीच सांगून टाकते, काळजी घाईची करा. इतकी वर्षं बाईकवर सीमा ओलांडतेय, माझ्यावर जे जे बाके प्रसंग आले त्यातले जवळपास सगळे मी उशिरात सापडले होते म्हणून आले, आणि उशीर दर वेळी कुठल्यातरी कागदामुळे झालेला. म्हणून कागद वेगळे आणि सुरक्षा वेगळी असं मी मानतच नाही.

एक प्रसंग सांगते म्हणजे कळेल. एका सीमेवर देशात शिरताना कस्टम्सने गाडीचा टेम्पररी इम्पोर्टचा कागद दिला, म्हणजे ही गाडी तात्पुरती आत आलीय, इतक्या दिवसांत बाहेर जाईल असा परवाना. मागे ट्रकवाले खोळंबलेले, मी सही केली, घडी घातली आणि निघाले. नऊ दिवसांनी दुसऱ्या टोकाला बाहेर पडताना तिथल्या माणसाने टॉर्च घेतली, गुडघ्यावर बसला, हँडलखाली कोरलेल्या चॅसी नंबरवरचा चिखल अंगठ्याने पुसला आणि एकेक आकडा मोठ्याने वाचायला लागला. 17 अक्षर-आकड्यांमधला चौदावा गाडीवर 8 होता, कागदावर 3. म्हणजे त्यांच्या हिशोबाने मी आणलेली गाडी देशात कुठेतरी राहिली आणि ही भलतीच गाडी मी बाहेर नेतेय. माझ्या काळजात धस्स झालं. फोनाफोनी, अर्ज, वरच्या साहेबाची वाट, यात सहा तास गेले. खरा धोका त्याच्या पुढे होता, कारण पुढच्या देशात शिरायची माझी शेवटची तारीख तीच होती, म्हणून मी संध्याकाळी सुटल्यावर तिथेच मुक्काम न करता निघाले आणि दोन चौक्यांच्या मधल्या अंधाऱ्या रस्त्यावर, पाऊस चालू असताना, एक बंद पडलेला ट्रक लाइट-रिफ्लेक्टर काही नसलेला असा समोर आला. गाडी थांबली तेव्हा पुढचं चाक आणि ट्रकचा मागचा फाळका यात दोन हात अंतर राहिलं होतं. चुकलेला आकडा जिवावर बेतला असता तो असा.

तेव्हापासून मी कागद हातात आला की खिडकीपाशीच उभी राहते आणि पासपोर्ट नंबर, गाडीचा नंबर, चॅसी, इंजिन, तारीख, सगळं बोट ठेवून ताडून बघते, मागचे कितीही ओरडले तरी. तुम्हीही हेच करा, चूक तिथल्या तिथे दोन मिनिटांत सुधारून मिळते.

दुसरं, तुमचे दिवस वेगळे आणि गाडीचे दिवस वेगळे, हे नवीन माणसाला बहुतेक वेळा कुणी सांगत नाही. व्हिसा तुमचा, परमिट गाडीचं, दोघांची मुदत सारखी असेलच असं नाही, आणि गाडीचं परमिट संपलं तर दंड किंवा जप्तीपर्यंत प्रकरण जातं. शिवाय व्हिसा तुम्ही वाढवून घेतला म्हणून गाडीचं परमिट आपोआप वाढत नाही. म्हणून वहीत दोन वेगळ्या ओळी करा, माझी शेवटची तारीख आणि गाडीची शेवटची तारीख, आणि दोन्हीतल्या लवकरच्या तारखेच्या तीन दिवस आधी बाहेर पडायचं असं ठरवा. शेंगेन देशांतून, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांतून जाणार असाल तर 90 दिवसांचा हिशोब कुठल्याही 180 दिवसांच्या आतला असतो, बाहेर जाऊन परत आलात म्हणून मोजणी शून्यापासून सुरू होत नाही.

तुमच्या वाटेवर कार्ने लागतो का ते सगळ्यात आधी बघा. कार्ने द पासाज म्हणजे गाडीचा पासपोर्टच समजा, वाहन संघटनांकडून मिळतो, वर्षभर चालतो, आणि त्यासाठी गाडीच्या किमतीच्या हिशोबाने डिपॉझिट किंवा हमी द्यावी लागते. पाकिस्तान, भारत, इराण, इजिप्त, ऑस्ट्रेलिया अशा ठिकाणी लागतो, युरोपात आणि दक्षिण अमेरिकेत सहसा लागत नाही, तिथे सीमेवरचा तात्पुरता परवाना पुरतो. कार्नेच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात, एक आत जाताना फाडून घेतात, एक बाहेर पडताना, तिसरा तुमच्याकडे राहतो आणि त्यावर आत-बाहेर दोन्ही शिक्के हवेत. बाहेरचा शिक्का राहिला तर गाडी घरी पोचूनही तुमचं डिपॉझिट अडकतं. शिक्का न घेता काउंटर सोडायचा नाही, मग अधिकारी जेवायला गेलेला असेल तर तो येईपर्यंत बसायचं.

नकाशावर रस्ता अखंड दिसतो म्हणून सीमा उघडी असते असं नाही. तुर्कस्तान-आर्मेनिया सीमा 1993 पासून सर्वसामान्य प्रवाशांना बंद आहे, मोरोक्को-अल्जेरिया 1994 पासून. किरगिझस्तान-ताजिकिस्तानची सीमा 2021 मध्ये बंद झाली ती 2025 मध्ये उघडली, मधल्या काळात पामीर हायवेचं, म्हणजे मध्य आशियातल्या उंच डोंगरांतून जाणाऱ्या रस्त्याचं, स्वप्न घेऊन निघालेल्या कितीतरी जणांना बेत बदलावा लागला. पनामा आणि कोलंबिया यांच्यामध्ये डॅरिएन गॅपमध्ये शंभरेक किलोमीटर रस्ताच नाही, गाडी जहाजाने किंवा विमानाने पाठवावी लागते. जॉर्जिया-रशियामधला लार्सचा घाट हिवाळ्यात बर्फामुळे मधेमधे बंद होतो. आणि कॅस्पियन समुद्रावरच्या बाकू ते कझाकस्तान मालवाहू बोटींना पक्कं वेळापत्रक नसतं, माल भरला, हवा बरी असली की निघतात, म्हणजे धक्क्यावर उभे असताना तुमच्या व्हिसाचे दिवस चालूच. तुमच्या वाटेवरच्या प्रत्येक सीमेसाठी हे विचारा की ती परदेशी माणसाला उघडी आहे का, परदेशी नंबरच्या मोटरसायकलला उघडी आहे का, आणि किती वाजेपर्यंत. हे प्रश्न वेगवेगळे आहेत. उत्तर निघायच्या आठवड्यात पुन्हा तपासा, आणि प्रत्येक सीमेला एक पर्यायी सीमा शोधून ठेवा.

लायसन्सचं थोडक्यात. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट मुख्यतः दोन प्रकारची चलनात आहेत, 1949 च्या जिनिव्हा कराराचं आणि 1968 च्या व्हिएन्ना कराराचं, कुठला देश कुठलं मानतो ते बघून घ्या, जपान उदाहरणार्थ 1949 चंच मानतं. त्यावर मोटरसायकलच्या रकान्यात शिक्का आहे ना ते बघा, आणि मूळ लायसन्स बरोबर लागतंच. गाडी दुसऱ्याच्या किंवा बँकेच्या नावावर असेल तर नोटरी केलेलं संमतीपत्र, जमल्यास त्या देशाच्या भाषेतल्या भाषांतरासकट.

इन्शुरन्सवर मात्र वेळ घालवा, तुम्ही विचारलंत ना पैसे आधी कुठे, तर इथे. गाडीचा थर्ड पार्टी वेगळा, तो बऱ्याच सीमांवर विकत मिळतो. तुमच्या शरीराचा वेगळा, आणि त्याची बारीक अक्षरं वाचा, कारण पुष्कळ ट्रॅव्हल पॉलिसी 125 सीसीच्या वरची मोटरसायकल धरतच नाहीत, काही हेल्मेट नसेल किंवा त्या देशात चालणारं लायसन्स नसेल तर हात वर करतात. दुर्गम भागातून चांगल्या हॉस्पिटलपर्यंत हलवण्याचा खर्च त्यात आहे का, हे लेखी विचारा. फोनवर मिळालेलं "हो" क्लेमच्या वेळी कामाला येत नाही.

आता तुमच्या 18 दिवसांकडे. 5400 भागिले 18 म्हणजे रोज 300, कागदावर अगदी सोपं वाटतं. पण चार देश म्हणजे जाता-येता मिळून निदान चार सीमा, आणि सीमेचा दिवस 100 किलोमीटरच्या वर धरू नका. दर पाच दिवसांमागे एक दिवस पूर्ण मोकळा ठेवा, पाऊस, पंक्चर, ताप, सुट्टीमुळे बंद ऑफिस, काहीही येऊ शकतं. म्हणजे सीमांचे चार आणि मोकळे तीन वजा जाता उरले 11 दिवस, त्याचे 3300 आणि सीमांचे 400, एकूण 3700. बाकीचे 1700 कुठून येणार? ते रात्रीतून येतात, आणि रात्री अनोळखी देशात गाडी हाणणं ही एकच गोष्ट मी कुणालाही करू नका म्हणून हात जोडून सांगते. रस्त्यावर बसलेली जनावरं, न दिसणारे खड्डे, लाइट नसलेली वाहनं, आणि दिवसभराचा थकवा, सगळं एकाच वेळी येतं. तेव्हा एक देश कमी करा किंवा दिवस 25-26 करा. मला माहितेय की सुट्टी जेमतेम मिळालेली असते आणि देश कमी करायला जीव होत नाही, तरी करा.

रस्त्याची बाजू बदलणार असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. थायलंडमध्ये डावीकडून चालवतात, लाओस-कंबोडियात उजवीकडून, आणि असं काही बदललं की सीमेवर माणूस डोळ्यात तेल घालून चालवतो, तिथे चूक होत नाही. चूक होते दुसऱ्या-तिसऱ्या सकाळी, पेट्रोल भरून मोकळ्या रस्त्यावर वळताना, समोर एकही वाहन नसतं आणि हात जुन्या सवयीने वळतो. मी टाकीवर रंगीत टेपचा बाण चिकटवते, कुठल्या बाजूला राहायचं त्या दिशेचा, आणि थांबून पुन्हा निघताना तो बाण बघून तोंडाने बोलते, "उजवी". एकट्याने बोलायला काहीतरी वाटतं पहिले दोन दिवस, नंतर सवय होते.

डोंगरात जाणार असाल तर बाईक उंची फार पटकन चढते आणि शरीर मागे राहतं. पामीर हायवेवर किरगिझस्तानातलं ओश शहर साधारण 1000 मीटरवर आहे आणि ताजिकिस्तानातला कराकुल तलाव 3900 च्या आसपास, गाडी हे एका दिवसात करू शकते, तुम्ही करू नये. 3000 मीटरच्या वर झोपायची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही हा डॉक्टरांचा सर्वसाधारण नियम आहे. डोकं दुखतंय, मळमळतंय, पाय लटपटताहेत असं झालं तर गोळी घेऊन पुढे जायचं नाही, खाली उतरायचं. उलट वाळवंटात हवा अंगापेक्षा गरम झाली की जॅकेट उघडून वारा घेतल्याने शरीर गार होत नाही, तापतं आणि सुकतं, आतला शर्ट भिजवून झिपा जवळपास बंद ठेवल्या तर बरं वाटतं.

दुरुस्तीबद्दल एवढंच की जी हत्यारं नेणार आहात त्याच हत्यारांनी घरी एकदा मागचं चाक काढून पंक्चर काढून परत बसवा, सगळं, मदत न घेता. तेव्हा कळेल की तुमच्या किटमध्ये ॲक्सलच्या नटाचा पाना नाहीये. क्लचची जादा केबल जुन्या केबलच्या शेजारून आधीच ओवून ठेवली तर रस्त्यात फक्त दोन टोकं बदलायची.

चोरी-लुटीबद्दल तुम्ही सगळ्यात जास्त लिहिलंय. माझा अनुभव असा की लोक मदतच करतात, पण सीमेवर पासपोर्ट हातातून घेऊन "मी करून देतो" म्हणणाऱ्यांना पासपोर्ट देऊ नका, मध्य अमेरिकेत त्यांना ट्रामिटादोर म्हणतात, मदत घ्यायचीच तर पैसे आधी ठरवा आणि कागद स्वतःच्या हातात ठेवून बरोबर चाला. कुणी अधिकाऱ्याने भलताच दंड सांगितला तर शांतपणे पावती मागा आणि बसून राहा. इथेही तेच, ज्याच्याकडे वेळ आहे त्याला लुबाडणं अवघड जातं.

औषधं मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनसकट. साध्या वाटणाऱ्या वेदनाशामक गोळ्या काही देशांत अंमली पदार्थांत धरतात, इजिप्तमध्ये ट्रॅमाडॉलमुळे प्रवाशाला तुरुंगवास झालेला आहे. मोरोक्कोत ड्रोन जप्त करतात, आणि भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं गुन्हा आहे, म्हणून सुरक्षेसाठी घेतलेलं उपकरणही आधी त्या देशाच्या नियमाशी ताडून बघा. घरच्या एका माणसाला रोज मुक्कामी पोचल्यावर मेसेज करा आणि आधीच ठरवा की किती तास मेसेज आला नाही तर त्याने कुणाला फोन करायचा, नाहीतर नेटवर्क नसलेल्या एका रात्रीत घरच्यांच्या तोंडचं पाणी पळतं.

आणि आज करायचं काम म्हणाल तर गाडी धुवा, चॅसी आणि इंजिन नंबरचा स्पष्ट फोटो काढा, आणि रजिस्ट्रेशनच्या कागदाशी एकेक आकडा जुळवा. कधीकधी चूक घरच्या कागदावरच असते, आणि ती दुरुस्त करून घ्यायला महिना-दीड महिना जाऊ शकतो. तुमची निघायची तारीख कळवलीत आणि देशांची नावं सांगितलीत तर सीमा कुठल्या धरायच्या ते मी कमेंटमध्ये बघून सांगेन.