रोज पाणी, तरी पानं पिवळी?

प्रश्न: ताई, गॅलरीतल्या फायकस बोन्सायची पानं पिवळी पडून गळतायत, मी तर रोज न चुकता पाणी घालते, मग खत कमी पडतंय का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: अहो, रोज घालताय तिथंच तर गोम आहे! पान पिवळं, मऊ होऊन गळतंय म्हणजे बहुतेक वेळा पाणी जास्त झालेलं असतं, कमी पडलं तर ते कडेने करपून कुरकुरीत होतं. मातीत बोट अर्धा इंच खुपसून बघा, ओलसर लागली तर त्या दिवशी सुट्टी, कोरडी व्हायला लागली की मग झारीने खालच्या भोकातून निथळेपर्यंत घाला आणि हो, ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाका, त्यानेच मुळं कुजतात. खत आत्ता अजिबात नको. कुंडी नुकतीच हलवली होती का? जागा बदलली तरी फायकस रुसून पानं टाकतो.