'पासून'चा घोळ

"मराठी माध्यमात शिकले. आता तिशीत इंग्रजी काय सुधारणार, मॅडम?" हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. या वेळी तो विचारणारी मुलगी हिंजवडीत आयटीत. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत.) चार ओळींच्या मेलला पाऊण तास लागायचा. एका मीटिंगमध्ये वरिष्ठांनी तिचं वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं, सगळे हसले. तेव्हापासून मेल पाठवताना हात कापायचा. व्याकरणाची तीन पुस्तकं घेतली होती, पण तिन्हींत नामाच्या प्रकारांपुढे गाडी गेली नव्हती.

मी काही इंग्रजीची बाई नाही. पण भीती कागदावर उतरली की मोजता येते. म्हटलं, पाठवलेले दहा मेल प्रिंट काढून आण.

"सगळं लालच होईल," ती म्हणाली. झालं नाही. त्याच त्या चार चुका फिरून फिरून येत होत्या. एक वाक्य होतं, 'आय ॲम वर्किंग ऑन धिस सिन्स टू मंथ्स.'

"मराठीत सांग."

"दोन महिन्यांपासून करतेय."

"आणि जानेवारीत सुरू केलं असेल तर?"

"जानेवारीपासून करतेय." मग स्वतःच थांबली.

आपलं एकच 'पासून' दोन्हीकडे चालतं. इंग्रजीत सुरुवात कधी झाली ते सांगायला सिन्स, किती काळ ते सांगायला फॉर. आणि काम तेव्हा सुरू होऊन अजून चालू आहे, म्हणून 'आय हॅव बीन वर्किंग ऑन धिस फॉर टू मंथ्स'. तिची दुसरी चूक, 'डिस्कस अबाउट', तिचंही तसंच. आपण एखाद्या गोष्टी'विषयी' चर्चा करतो. इंग्रजीत डिस्कसपुढे थेट ती गोष्टच येते.

"म्हणजे मी मराठीत बरोबरच विचार करत होते," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण तेव्हा पहिल्यांदा सैल झाला.

पुस्तकं कपाटात गेली. त्या चार चुकांची चिठ्ठी मॉनिटरला चिकटली. पाठवण्याआधी फक्त तेवढंच तपासायचं. लांबलचक वाक्याचे आधी मराठीत तुकडे पाडून घ्यायचे, मग एकेका तुकड्यात कर्ता आणि लगेच क्रियापद. आपलं क्रियापद शेवटी येतं ना, त्यामुळे इंग्रजी लिहिताना ते मागेच राहतं आणि मधे अँड-अँडची माळ लागते.

दीड महिन्यानं आली तेव्हा मेल दहा मिनिटांवर आला होता. "पण मॅडम, ए कुठे आणि द कुठे, ते अजून कळत नाही." मराठीत ती भानगडच नाही, चुकणारच. मी म्हटलं, ते राहू दे सध्या. तेवढ्यानं मेलचा अर्थ सहसा बिघडत नाही.