माडावर वीज पडल्यापासून गाडी सुरू होत नाही, मेकॅनिक म्हणतो ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेला. आधी काय तपासावं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. देवगडजवळ गावी आलात, परवा रात्री वळवाच्या पावसात खळ्यातल्या माडावर वीज पडली आणि गाडी तिथून पंधरा-वीस फुटांवर उभी होती. सकाळी सेल मारला तर इंजिन फिरतंय, पण धरत नाही. मीटरवर चेक इंजिन, एबीएस (ब्रेकची यंत्रणा), एअरबॅग असे सगळे दिवे लागलेत, काटे हलत नाहीत, सेंट्रल लॉक बंद आहे. हॉर्न आणि हेडलाइट मात्र चालतात. मेकॅनिकचा स्कॅनर, म्हणजे बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, गाडीशी जोडला जाईना, म्हणून त्याने ईसीयू गेला असं सांगितलं. चार दिवसांत मुंबईला परतायचंय आणि तुम्ही पैशांची जुळवाजुळव करताय.

ती जुळवाजुळव जरा थांबवा. मी कुडाळजवळ हायवेला बावीस वर्षं गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम करतोय. आगोटीला आणि नंतर परतीच्या पावसात, भातकापणीच्या दिवसांत, वीज लागलेल्या गाड्या माझ्याकडे येतातच. ‘ईसीयू गेला’ असं सांगून आणलेल्या बऱ्याच गाड्यांत ईसीयू धडधाकट निघाला. तुम्ही सांगताय तसे इंजिन, एबीएस, एअरबॅग आणि मीटरचे काटे एकदम जातात, तेव्हा चार वेगवेगळे कंट्रोलर (ईसीयूसारखेच छोटे कॉम्प्युटर) एका झटक्यात मेले असं समजण्याआधी त्यांना एकमेकांशी जोडणारी वायर किंवा त्यांचा सामाईक सप्लाय बघायला हवा.

आधी वीज गाडीत शिरते कशी ते सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. गाडीची पत्र्याची बॉडी पिंजऱ्यासारखं काम करते, म्हणून आत बसलेला माणूस वाचतो. टायरच्या रबराचा त्यात काही संबंध नाही. काही किलोमीटर हवा फोडून आलेल्या विजेला चार बोटं रबर काय अडवणार? विजेच्या एका लोळात साधारण ३०,००० अँपिअरचा प्रवाह असतो आणि तो काही मायक्रोसेकंदांत चढतो. इतक्या झपाट्याने बदलणारा प्रवाह आसपासच्या प्रत्येक लांब वायरीत व्होल्टेज उठवतो. दहा मीटरवर लोळ पडला तर एक चौरस मीटरचा वेढा घातलेल्या उघड्या वायरीत क्षणभर काही शे व्होल्ट येऊ शकतात. बॉडीमुळे आतल्या वायरिंगला त्यातला थोडाच भाग लागतो, पण पाच व्होल्टवर चालणाऱ्या चिपला तेवढंही पुरतं. म्हणून जास्त मार बसतो तो लांब आणि बाहेरच्या वायरींना: एरियल, रिव्हर्स कॅमेरा, पार्किंग सेन्सर, चाकांजवळचे एबीएस सेन्सर.

दुसरी वाट जमिनीतून. आपल्याकडचा जांभा आणि कातळ वीज सहज पसरू देत नाही, त्यामुळे बुंध्यापासून दूर जाताना जमिनीचं व्होल्टेज पावलापावलाला बदलत जातं. झाडाखाली बांधलेली गुरं मरतात ती पुष्कळदा यामुळेच. तेव्हा पहिला प्रश्न हा, की त्या रात्री गाडीला घरातून काही जोडलेलं होतं का? बॅटरी चार्जर, पंपाची वायर, काहीही? असेल तर ते आताच सांगा, कारण मग विजेला घरच्या लाइनमधून थेट गाडीत यायला रस्ता मिळतो आणि नुकसान जास्त असतं.

आता हात लावण्याआधीची कामं (विम्याचा क्लेम करायचा असेल तर कंपनीला कळवणंही याच वेळी, ते खाली सांगतो). मळभ असेल, गडगडत असेल तर बोनेट उघडून उभे राहू नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी अ‍ॅप आहे, त्यात आसपास पडणाऱ्या विजा दिसतात, ते बघून मगच बाहेर या. मग माडाचा करपलेला शेंडा, गाडी आणि दोन्हींमधलं अंतर एकाच फोटोत येईल असे फोटो काढा. एरियलचं टोक, बॉडीवर बारीक जळल्याचे ठिपके, टायरच्या कडा जवळून बघा. चावी ऑन करून मीटरवरचे दिवे व्हिडिओत घ्या. आणि ‘रिसेट करतो’ म्हणून बॅटरीचं टर्मिनल कुणालाही काढू देऊ नका. माझ्या हातून एकदा ही चूक झाली. सुरुवातीची वर्षं होती, गिऱ्हाईक घाईत होतं, मी टर्मिनल काढून कोड पुसले. नंतर विम्याचा सर्व्हेअर आला तेव्हा त्याला दाखवायला काही उरलं नव्हतं, आणि त्या माणसाचा क्लेम अडकला तो अडकलाच. तेव्हापासून मी आधी वहीत लिहितो, मग पाना उचलतो.

मल्टीमीटर घ्या, साधा तीन-चारशे रुपयांचा चालेल. बॅटरी रात्रभर निवांत असेल तर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवी, १२.२ म्हणजे अर्धी संपलेली. सेल मारताना ९.६ च्या खाली जाता कामा नये. तुमचं इंजिन फिरतंय म्हणजे बॅटरी बरी असावी, पण दोन दिवस दार उघडं ठेवून सगळ्यांनी प्रयोग केले असतील तर ती उतरलेली असणार, आणि उतरलेली बॅटरी स्वतःच भलतेसलते दिवे लावते. आधी चार्ज करा, मग पुढचं.

त्यानंतर अर्थिंग. किनाऱ्यावरच्या गाडीत मी कधीही हे सोडत नाही. बॅटरीच्या मायनसवरून निघालेली जाड पट्टी बॉडीला आणि गिअरबॉक्सला बोल्टने बसवलेली असते. खाऱ्या हवेत त्या बोल्टखाली हिरवट-पांढरा थर धरतो. वरून बोल्ट घट्ट दिसतो, पण खोलून पाहिलं तर वॉशरखाली अक्षरशः चुन्यासारखी पूड निघते. हेडलाइट लावा, मल्टीमीटरची एक सुई बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. सेल मारताना ०.५ च्या वर गेलं तर तिथेच घासून साफ करायचं. मिठाने सहा महिने खाल्लेलं बिल विजेच्या नावावर फाडू नका. उंदरांचंही तसंच. पाऊस लागला की ते गरम इंजिनच्या आडोशाला येतात आणि वायर कुरतडतात, म्हणून एअर फिल्टरच्या आजूबाजूला लेंड्या आहेत का तेही बघून घ्या.

फ्यूज डोळ्यांनी बघू नका. चावी ऑन करून फ्यूजच्या पाठीवरच्या दोन्ही बारीक धातूच्या टोकांवर मीटर लावा. दोन्हीकडे १२ व्होल्ट हवेत. एकीकडे आहेत आणि दुसरीकडे नाहीत, तर तो गेला. बोनेटखालचा डबा आणि स्टिअरिंगखालचा डबा, दोन्ही. नवीन फ्यूज बसवताच पुन्हा गेला तर थांबा. १५ अँपिअरच्या जागी ३० चा घातला तर फ्यूजऐवजी वायरिंग जळेल. फ्यूज वायरला जास्त अँपिअरपासून वाचवतो, चिपला जास्त व्होल्टेजपासून वाचवत नाही. म्हणून फ्यूज शाबूत आहे याचा अर्थ पुढचं शाबूत आहे असा होत नाही, आणि फ्यूज गेला म्हणून पुढचं गेलंच असंही नाही.

आता तुमच्या मेकॅनिकच्या स्कॅनरकडे येऊ. स्कॅनर जोडला जात नाही याची पाच-सहा कारणं असतात, ईसीयू मरणं हे त्यातलं एक. ज्या सॉकेटमध्ये तो लावतात त्याच्या १६ नंबरच्या पिनवर चावी बंद असतानाही बॅटरीचे १२ व्होल्ट हवेत, आणि ४ व ५ नंबरच्या पिना अर्थ हव्यात. १६ वर काहीच नसेल तर त्या सॉकेटचा फ्यूज गेलाय आणि स्कॅनरला गाडी दिसणंच शक्य नाही. सप्लाय आला आणि स्कॅनर चालू झाला, तर कोणता कंट्रोलर उत्तर देतो आणि कोणता नाही ते एकेक करून वहीत लिहा. ‘यू’ने सुरू होणारे कोड म्हणजे कुणीतरी कुणाशी तरी बोलायचं थांबलंय. यू०१०० म्हणजे इंजिनच्या ईसीयूशी संपर्क तुटला, यू०१२१ म्हणजे एबीएसशी. कोण तक्रार करतोय आणि कुणाबद्दल, हे मांडलं की चित्र आपोआप दिसायला लागतं.

तरीही संपर्क होत नसेल तर बॅटरीचा मायनस काढा (आता काढायला हरकत नाही, सगळं टिपून झालंय), दहा मिनिटं थांबा आणि सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. बहुतेक गाड्यांत या दोन पिनांवर कॅनची, म्हणजे सगळे कंट्रोलर ज्यावरून एकमेकांशी बोलतात ती वायरजोडी असते. तिच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, दोन्ही मिळून ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय. शून्याच्या जवळ आले तर कुठेतरी शॉर्ट आहे. काही नव्या गाड्यांत सॉकेट आणि नेटवर्कच्या मध्ये गेटवे नावाचा आणखी एक कंट्रोलर असतो, तिथे हा आकडा वेगळा येतो. त्या मॉडेलचं वायरिंग डायग्राम बघूनच बोलावं.

हा आकडा काय करू शकतो ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी मालवणहून एक गाडी टो करून आली. घरासमोरच्या विजेच्या खांबावर लोळ पडलेला. लक्षणं हुबेहूब तुमच्यासारखी, आणि ईसीयूची ऑर्डर द्यायची तयारी झालेली. मी मोजलं तर ३ ओहम. मग नेटवर्कवरचं एकेक काढत गेलो. एबीएसचा कपलर (वायरींचा जोड) काढला, ३. डॅशबोर्डच्या मीटरचा काढला, तरीही ३. शेवटी डॅशबोर्डखाली आडवा होऊन टॉर्च मारला तर सॉकेटच्या मागे वायरींना टोचून बसवलेला काळा, काडेपेटीएवढा जीपीएस ट्रॅकर दिसला. आधीच्या मालकाने लावलेला, यांना माहीतही नव्हतं. नाक जवळ नेलं तर करपल्याचा वास येत होता. तो तोडून बाजूला केला आणि मीटरवर ६० उमटले. कपलर परत लावले, मायनस जोडला, सेल मारला, गाडी सुरू. त्यांच्या वडिलांचे डोळे भरून आले होते, कारण ते पैसे त्यांनी आंब्याच्या कलमांच्या फवारणीसाठी बाजूला ठेवलेले होते. म्हणून सांगतो, कंपनीतून न आलेलं जे जे काही गाडीत आहे, म्हणजे ट्रॅकर, बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टम, कॅमेरा, अलार्म, ते सगळ्यात आधी काढून बघा.

नेटवर्क नीट निघालं आणि तरी इंजिन धरत नसेल तर चावीचा दिवा बघा. कुलपाचं किंवा चावीचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारी यंत्रणा, चावीतली चिप ओळखत नाही. दुसरी चावी मुंबईला असेल तर मागवून घ्या, ती लागली तर खर्च एका चावीवर निभावतो.

ईसीयू खरंच गेला असं मी कधी म्हणतो? त्याच्या कपलरवर सप्लाय आणि अर्थ दोन्ही भार टाकून तपासले आणि नीट आहेत. सेन्सरना तो जे ५ व्होल्ट देतो ते सगळे सेन्सर काढूनही येत नाहीत. आणि तो एकटा बाजूला केला की बाकीचे कंट्रोलर स्कॅनरला उत्तर देतात. ही तिन्ही एकत्र दिसली तरच. सेन्सर काढण्याची पायरी महत्त्वाची आहे, कारण एक शॉर्ट झालेला सेन्सर ते ५ व्होल्ट खाली खेचून चांगल्या ईसीयूला मेल्यासारखं दाखवतो. गेला असेल तरी लगेच नवीन घेऊ नका. पुष्कळदा सप्लायच्या तोंडाशी बसवलेला संरक्षक डायोड तेवढा शॉर्ट झालेला असतो, आणि कोल्हापूर-पुण्याकडे ईसीयू उघडून दुरुस्त करणारे चांगले कारागीर आहेत. भंगारातल्या गाडीचा ईसीयू आणून बसवू म्हणणाऱ्याला आधी विचारा, की चावीशी जुळवणार कसा? जुळवल्याशिवाय बहुतेक गाड्या सुरू होत नाहीत.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. पिवळ्या आवरणातल्या वायरींना मीटर किंवा टेस्ट लॅम्प लावू नका. त्या एअरबॅगच्या असतात, आणि एअरबॅग चुकून फुटली तर माणूस जायबंदी होतो. तो दिवा शोरूमवाल्यांवर सोडा. आणि गाडी सुरू झाल्यावर ‘अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग) बघतो’ म्हणून चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढणाऱ्याला हात धरून थांबवा. जुन्या गाड्यांत ते खपून जायचं. आता त्या झटक्याने वाचलेला ईसीयूही जाईल. चार्जिंग बघायचं तर मीटर लावा, १३.८ ते १४.७ व्होल्ट आले की ठीक.

विम्याचं. तुमची पॉलिसी फक्त थर्ड पार्टी नसेल, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचीही असेल, तर वीज पडण्याचं नुकसान त्यात धरलेलं असतं. पण निव्वळ इलेक्ट्रिकल बिघाड त्यातून वगळलेला असतो. म्हणून जॉबकार्डवर ‘इलेक्ट्रिकल फॉल्ट’ एवढंच लिहू देऊ नका, ‘जवळ वीज पडल्याने’ असं कारण तारखेसह लिहून घ्या. तलाठ्याकडून माडाचा पंचनामा करून घ्या, तो जोडायला उपयोगी पडतो. काहीही खोलण्याआधी कंपनीला कळवा आणि सर्व्हेअर येऊ द्या. झिरो डेप (घसारा न कापता भरपाई देणारी जोड पॉलिसी) नसेल तर बॅटरी आणि प्लास्टिकच्या भागांचे निम्मे पैसे तुमच्याच खिशातून जातील, तेवढं धरून चाला.

गाडी सुरू झाली तरी महिनाभर लक्ष ठेवा. विजेने अर्धमेला झालेला भाग पंधरा दिवसांनीही मान टाकतो, आणि अल्टरनेटरचे डायोड त्यात पहिले. सकाळी बॅटरी उतरलेली सापडायला लागली तर गाडी बंद करून अर्ध्या तासाने मायनसच्या वाटेत मीटर घालून प्रवाह मोजा; ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त असेल तर काहीतरी आतून पीत आहे. घाट चढायच्या आधी एबीएसचा दिवा विझलेला हवा, नसेल तर करूळ किंवा आंबा घाटातून रात्री जाऊ नका.

उद्या सकाळी तीन आकडे मोजा आणि इथेच खाली लिहा: बॅटरीचं व्होल्टेज, १६ नंबरच्या पिनवरचं व्होल्टेज, आणि ६ व १४ मधले ओहम. सोबत गाडीचं मॉडेल, साल आणि बाहेरून बसवलेल्या वस्तूंची यादी. मी दुपारी जेवणाच्या वेळी बघतो आणि पुढे काय खोलायचं ते सांगतो.