पानावर मेक्सिको : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आम्ही चौघं नव्याने उघडलेल्या मेक्सिकन रेस्टॉरंटमध्ये दुपारी जेवायला जाणार आहोत. मेन्यूत टाको, तोस्तादा, केसादिया, एन्चिलाडा, बरिटो अशी नावं आहेत आणि प्रत्येकाखाली साहित्य तेच : टोर्टिया (पातळ पोळी), बीन्स, चीज, साल्सा (चटणी). मागवायचं काय?

उत्तर : साहित्य तेच असलं तरी टोर्टियाचं पुढे काय केलंय, यावर पदार्थ बदलतो. मऊ टोर्टियावर सारण ठेवून हातात दुमडला की टाको. तळून कडक केला, सपाट ठेवला आणि वर थर रचले की तोस्तादा. चीज भरून तव्यावर शेकला की केसादिया. मिरचीच्या सॉसमध्ये बुडवून गुंडाळला की एन्चिलाडा. याला काटा-चमचा लागतोच. गव्हाच्या मोठ्या टोर्टियात सगळं बांधून दिलं की बरिटो, आणि तो एकट्याचं पूर्ण जेवण असतो.

पहिल्या खेपेला चौघांत एक ग्वाकामोले (अवाकाडोची चटणी), तीन प्रकारचे मिळून आठ टाको आणि मधे वाटून खायला एन्चिलाडाची एक प्लेट पुरे. आठही टाको एकदम मागवू नका. चार आधी, चार नंतर. गार टाकोत काही राम नाही. सुरुवातीला येणाऱ्या चिप्सवर मात्र ताबा ठेवा, बहुतेकांचं पोट तिथेच भरतं.

ऑर्डर देण्याआधी एकच गोष्ट विचारा : टोर्टिया इथेच बनतात का, आणि मक्याचे आहेत की गव्हाचे? मक्याच्या टोर्टियाचं पीठ म्हणजे साधं मक्याचं पीठ नव्हे. वाळलेले दाणे खाण्याच्या चुन्याच्या पाण्यात मंद उकळतात (चुना दाण्यांच्या वजनाच्या साधारण 1 टक्का), रात्रभर तसेच मुरू देतात, मग सुटलेली सालं चोळून धुतात आणि दाणे ओलेच दळतात. चुन्यामुळे पीठ एकजीव होतं, मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं आणि तो खास वासही त्यातूनच येतो. चांगल्या टोर्टियावर तपकिरी डाग असतात, तो कापडात गुंडाळून वाफाळता येतो आणि दुमडला तरी चिरत नाही. घडीवर चीर गेली तर तो गार झालाय किंवा शिळा आहे; गार होताना त्यातला स्टार्च कडक होतो. तापल्या तव्यावर 20-30 सेकंद ठेवला की पुन्हा लवचिक होतो, तेव्हा बेलाशक परत पाठवा. चामड्यासारखा चिवट आला असेल तर तो बहुधा मायक्रोवेव्हमध्ये जास्त तापलाय. गव्हाचा टोर्टिया म्हणजे नकली, असं मात्र समजू नका. सोनोरासारख्या उत्तरेकडच्या राज्यांत तो घरोघरी असतो.

मेक्सिकोत दुपारचं मुख्य जेवण साधारण 2 ते 4 या वेळात होतं. साध्या खानावळींत तेव्हा ठरलेलं ताट मिळतं : सूप, मग भात किंवा पास्ता, मग रश्शाची किंवा परतलेली एखादी मुख्य डिश आणि फळांचं किंवा जास्वंदाचं पाणी. नव्या जागेत असं ताट असेल तर तेच घ्या. या डिशेस सकाळीच शिजवून ठेवलेल्या असतात आणि मुरल्यावर उलट चांगल्या लागतात. नव्या स्वयंपाकघराची तारांबळ उडते ती ग्रिलवर.

प्रश्न : मी पूर्ण शाकाहारी आहे. बीन्स, भात आणि चीज डोळे मिटून मागवायला हरकत नाही ना?

उत्तर : डोळे उघडे ठेवूनच मागवा. रिफ्राइड बीन्स (शिजवून कुस्करलेले बीन्स) पारंपरिक पद्धतीत डुकराच्या चरबीत परततात. लाल भात बऱ्याचदा चिकनच्या स्टॉकमध्ये शिजतो. गव्हाच्या टोर्टियाच्या आणि तामालेच्या (मक्याच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ) पिठातही चरबी असू शकते, आणि मोले हा मिरच्या-मसाल्यांचा सॉस तर सहसा चिकन स्टॉकनेच पातळ करतात. ‘व्हेज आहे का?’ असं मोघम विचारलंत, तर मांसाचे तुकडे दिसत नाहीत म्हणून वेटर ‘हो’ म्हणून मोकळा होईल. त्यापेक्षा विचारा : बीन्स कशात परतता? भात कशात शिजवता? चिप्स आणि मांस एकाच तेलात तळता का? चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट (दूध घट्ट करणारं विरजण) चालत नसेल तर तेही विचारा. गोडातल्या फ्लानमध्ये (कॅरॅमल पुडिंगमध्ये) अंडी असतातच.

मिळत असतील तर भाजून सोललेल्या पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या, मशरूम, भोपळ्याची फुलं किंवा काटे काढलेल्या निवडुंगाची पानं यांचे टाको घ्या. निवडुंग नीट शिजला नसेल तर बुळबुळीत लागतो. तव्यावर पाणी आटेपर्यंत परतलेला असला की मजा आहे. शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी मोले आणि साल्सा माचा (सुक्या मिरच्यांची तेलातली चटणी) यांची आधी चौकशी करावी. गहू वर्ज्य असेल तर मक्याच्या टोर्टियात गव्हाचं पीठ मिसळलंय का, हे विचारावं.

प्रश्न : कडक टाकोचा पहिल्या घासातच चुरा होतो. मऊ घेतला तर रस कोपरापर्यंत ओघळतो.

उत्तर : यू आकाराचा तयार कडक टाको ही मुख्यतः अमेरिकेतली, टेक्स-मेक्स (टेक्सास आणि मेक्सिकोची मिश्र) पद्धत. सारणाचा ओलावा तळाशी उतरतो आणि घडी आधी मोडते, म्हणून तो समोर येताच खा, साल्सा वरून थोडाच घाला.

मऊ टाको बऱ्याचदा दोन टोर्टियांवर येतो. एकच पातळ टोर्टिया रसाने फाटतो म्हणून खाली दुसरा. सांडलेलं सारण त्याच्यात गोळा करा, आणखी अर्धा टाको होतो. अंगठा आणि दोन बोटांनी धरून ताटलीवर वाका, टाको आडवा ठेवा आणि मान तिरकी करा. टाको तिरका केलात की सगळं खाली. लिंबू शेवटी पिळा. बरिटोचा फॉइल मात्र पूर्ण काढू नका, खाल तसतसा सोलत जा.

प्रश्न : हिरवा साल्सा सौम्य असेल म्हणून भरपूर घेतला, जीभ पोळली. पाण्याने काही फरक पडला नाही.

उत्तर : रंगावर जाऊ नका. हिरव्यात तोमातियो या आंबट हिरव्या फळासोबत बऱ्याचदा सेरानो मिरची असते, आणि ती हालापेन्यो मिरचीहून तिखट. हालापेन्यो 2,500 ते 8,000 स्कोविल (तिखटपणाचं माप), तर हाबानेरो मिरची 1 ते 3.5 लाख. तिचा साल्सा बहुधा केशरी-पिवळा, तो दिसला की थेंबभरच घ्या. तिखटपणा आणणारं कॅप्सेसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. दूध किंवा सावर क्रीम घ्या. ओर्चाताच्या भरवशावर राहू नका. ते तांदूळ आणि दालचिनीचं असतं, त्यात दूध असेलच असं नाही.

प्रश्न : नाचोज खरे मेक्सिकन का?

उत्तर : हो. ते 1940 च्या दशकात अमेरिकेच्या सीमेवरच्या पिएद्रास नेग्रास गावात इग्नासिओ अनाया यांनी केले : टोर्टियाचे तळलेले तुकडे, वितळलेलं चीज, हालापेन्योच्या चकत्या. बस्स. आजचा ढीग नंतरचा. मागवायचेच असतील तर साल्सा आणि बीन्स वेगळ्या वाटीत मागा, नाहीतर खालचे चिप्स मऊ पडतात.