मानेच्या नसेचं ऑपरेशन केलं तर बाबांना लकवा होईल का?

प्रश्न : बाबा ७१ वर्षांचे, शुगर आणि बीपी दोन्ही आहे. मागच्या मंगळवारी चहा पिताना उजव्या हातातून कप सुटला, बोलणं बोबडं झालं, आणि दहा-पंधरा मिनिटांत परत सगळं ठीक. तपासणीत मानेतल्या डाव्या कॅरोटिडमध्ये (मेंदूला रक्त नेणाऱ्या नसेत) ८० टक्के ब्लॉक निघाला. सर्जन म्हणतात आठवड्याभरात ऑपरेशन करू. आत्या म्हणते मानेला हात लावला की लकवा होतो, भाऊ म्हणतो दिवाळीनंतर बघू, नाहीतर स्टेंट (नस आतून उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकू. काय करावं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ताई, आत्यांची भीती खोटी नाहीये. नस उघडून आतला चरबीचा थर काढताना त्याचा एखादा तुकडा किंवा रक्ताची गुठळी मेंदूकडे गेली तर जो लकवा टाळायला निघालो तोच होऊ शकतो. बाबांसारख्या, आधी झटका येऊन गेलेल्या पेशंटमध्ये ऑपरेशनमुळे स्ट्रोक (लकव्याचा झटका) किंवा मृत्यूचं प्रमाण १०० मध्ये ६ च्या आत असायलाच हवं असं मानतात, सरावाच्या हातात ते बरंच कमी असतं. म्हणून सर्जनना स्पष्ट विचारा की तुम्ही स्वतः अशी किती केलीत आणि त्यात काय झालं. यात लाजायचं काही नाही, चांगला सर्जन रागावत नाही.

पण मंगळवारी जे झालं तो लकव्याचा इशारा होता हो, आणि असा इशारा आल्यावर पहिले काही दिवसच सगळ्यात धोक्याचे असतात. १९९१ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या अभ्यासाचे आकडे आले, ७० टक्क्यांच्या वर ब्लॉक आणि लक्षणं असलेल्यांमध्ये नुसत्या औषधांवर दोन वर्षांत त्याच बाजूचा स्ट्रोक १०० पैकी २६ जणांना झाला, ऑपरेशन केलेल्यांमध्ये ९ जणांना, तेही ऑपरेशनच्या वेळचे धरून. आजची औषधं तेव्हापेक्षा चांगली आहेत हे खरं, तरी दोन आठवड्यांच्या आत केलं तरच फायदा सगळ्यात जास्त. दिवाळीची वाट बघू नका, प्लीज.

स्टेंटचं म्हणाल तर २०१० च्या मोठ्या तुलनेत पहिल्या महिन्यात स्ट्रोक स्टेंटवाल्यांना जास्त झाले (४.१ टक्के, ऑपरेशनला २.३) आणि हार्ट अटॅक ऑपरेशनवाल्यांना जास्त (२.३ टक्के, स्टेंटला १.१). सत्तरीच्या पुढे ऑपरेशनच बरं ठरतं. पण शुगर-बीपी आहे म्हणून आधी हृदयाची तपासणी नीट करून घ्या.

बाकीचे त्रास बहुतेक छोटे पण माहीत असावेत. मानेत त्या जागी बारीक मज्जातंतूंची (रक्ताच्या नसा नव्हेत) गर्दी असते, एखादा ताणला गेला तर आवाज घोगरा होतो, गिळताना ठसका लागतो, जीभ डावीकडे वळते किंवा ओठाचा कोपरा खाली ओढला जातो, साधारण २० मध्ये एकाला असं होतं आणि बहुतेकांचं काही आठवड्यां-महिन्यांत सुधारतं. कानाची पाळी आणि जबड्याखालची कातडी बधिर होणं तर खूपच कॉमन, दाढी करताना जपून. पहिल्या दिवशी मान भराभर सुजायला लागली किंवा श्वास अडकतोय असं वाटलं तर सिस्टरला लगेच हाक मारा, आत रक्त साठून श्वासनलिका दाबली जाऊ शकते आणि कधीकधी लगेच परत टाके उघडावे लागतात.

ॲस्पिरिन सर्जनना न विचारता बंद करू नका, नातेवाईक "रक्त पातळ होतं, थांबवा" म्हणतात म्हणून तर अजिबात नाही. तंबाखू-सिगारेट असेल तर आजच बंद.

आणि घरी आल्यावर पहिले दोन-चार आठवडे सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून वहीत लिहा. इतके दिवस कमी रक्तावर चाललेल्या मेंदूला एकदम भरपूर रक्त मिळायला लागतं, १०० मध्ये एखाद्यालाच ते झेपत नाही, पण तेव्हा त्याच बाजूचं डोकं भयंकर दुखतं, बीपी चढतं, फिट येते, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. असं डोकं दुखलं तर क्रोसिन देऊन सकाळपर्यंत थांबू नका, रात्री दोन वाजले असले तरी बाबांना हॉस्पिटलला घेऊन जा.